येसराच्या डब्यातला गोळा

पूर्णा जंक्शनच्या उन्हाबद्दल मी बोलायला लागले की घरातली माणसं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. आमच्या रेल्वेच्या चाळीसमोर चैत्रात रुळावर कावळा बसला, की त्याला चटक्यानं सारखे पाय बदलत बसावं लागायचं, आणि असा पाय बदलत बदलत एक कावळा नांदेडकडं गेलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. पोचला का, ते बघायला मी त्याच्यामागं गेले नव्हते, एवढंच.

आमचे हे तिथं पैटमन होते. म्हणजे कुठली गाडी कुठल्या रुळावर जाणार ते आमचे हे ठरवतात, असं मी माहेरी सोनपेठकडं सांगत असे. खरं तर ठरवायचे स्टेशनमास्तर. ह्यांनी फक्त दांडा ओढायचा. पण दांडा ओढल्याशिवाय गाडी वळत नाही, हेही खोटं नाही.

चाळीतल्या आमच्या खोलीला लागून एका फायरमनची खोली होती, आणि त्याची बायको ही माझी भाबी. हैदराबादची. निजामाचं राज्य जाऊन थोडाच काळ झाला होता. टोप्यांवरचे बिल्ले बदलले, स्टेशनातल्या पाट्या बदलल्या, आणि बाजारात माणसं एकमेकांशी जरा तोलूनमापून बोलायला लागली होती. आमच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीला मात्र यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. ती भिंत इतकी पातळ होती की तिकडं भाबी शिंकली की इकडं मी पदरानं नाक पुसायचे. सकाळी मी तांब्यानं भिंतीवर दोनदा ठोकायचे. तिकडून उलथनं वाजायचं. म्हणजे जाग आली, चूल पेटली, आता भांडायला मोकळ्या.

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तिच्याकडंही हीच होती. मी वाटीभर पिठलं दिलं तर वाटी परत येताना तिच्यात खट्टी दाल यायची. त्या दालीची वाटी मी परत देताना चार धपाटे घालायचे. अशी एकच वाटी आमच्या दोघींमध्ये वर्षानुवर्षं हिंडत होती, आणि तिचा खरा मालक कोण यावर रोज एक भांडण व्हायचं. एकदा महिनाअखेर होती. तिच्या घरात द्यायला काही म्हणता काही नव्हतं. तर बाईनं वाटीत नवऱ्याच्या इंजिनातला कोळसा भरून पाठवला. वर निरोप, "भरेली है, गिन के ले." मी त्या कोळशावर वांगं भाजलं आणि अर्धं वांगं तिला परत पाठवलं. तसं भरीत मी पुन्हा कधी खाल्लं नाही. त्याला मद्रासपर्यंतच्या धुराची चव होती.

तर तिच्या उंबऱ्यावर, फुटक्या किटलीत, तो गोळा होता.

निवडुंग आम्हाला माहीत होता तो बांधावरचा. माणसापेक्षा उंच, शेळीसुद्धा ज्याला तोंड लावताना दोनदा विचार करते असा. हा निवडुंग लिंबाएवढा गोल होता. अंगभर पांढरी लव, लवेतून केसाएवढे बारीक काटे, आणि डोक्यावर कापसाचा झुपका. जावळ काढायच्या आधीचं पोराचं डोकं कसं दिसतं, तसा. भाबीचा बाप हैदराबादेत कुण्या नवाबाच्या बागेत माळी होता. बागेत समुद्रापलीकडून आणलेल्या असल्या गोळ्यांची एक रांगच होती म्हणे. राज्य गेलं तशी बागेवरची मर्जी गेली, कुंड्या कुठं कुठं गेल्या, आणि म्हाताऱ्यानं मातीसकट एक पिल्लू खिशात घालून लेकीच्या घरी आणून दिलं.

"इसकू फूलां आते," भाबी सांगायची. "माथे पे गोल हार. गुलाबी. बचपन में देखी मैं."

"मग येऊ दे की. मी बसलेच आहे."

"तेरे वास्ते थोडीच आते जी. उनके मर्जी से आते."

तिच्याकडं असताना काही त्याला फूल आलं नाही. पण उन्हाळ्यातल्या दुपारी दोघी उंबऱ्यावर बसून, मधे किटली ठेवून, आम्ही त्या न आलेल्या फुलाबद्दल इतकं बोललो, की मला ते पाठ झालं. पाकळ्या किती, रंग कुठं गडद, कुठं फिका. एखाद्या मुलीचं स्थळ बघून यावं तसं.

मग भाषेवार प्रांत झाले. आम्ही मुंबईच्या राज्यात गेलो आणि तिच्या नवऱ्याची बदली सिकंदराबादला झाली. नकाशावरची रेघ नेमकी आमच्या त्या भिंतीतून गेली, असं मी सगळ्यांना सांगते. बदली रेल्वेच्या हुकमानं झाली होती, रेघेचा तिच्याशी काही संबंध नव्हता. पण रेघ म्हटलं की कुणावर तरी रागावता येतं.

जायच्या आठवड्यात मी तिला डबाभर येसर करून दिला. येसर म्हणजे धान्य आणि मसाला भाजून, दळून केलेलं पीठ; पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. परक्या गावी पहिले दिवस चुलीशी भांडण असतं, तेव्हा तो उपयोगी पडतो. डबा वनस्पती तुपाचा, झाकणाचा, मी घासून घासून चांदीसारखा केलेला. जायच्या दिवशी सकाळी डबा परत आला. येसर तिनं फडक्यात बांधून घेतला होता. डब्यात तळाला भोकं पाडून, पूर्णेच्या पात्रातली वाळू भरून, वर तो गोळा बसवलेला.

"हे काय गं?"

"खाली डब्बा कैसा देऊं?"

"अगं पण बापाची आठवण ना तुझ्या?"

"इसीच वास्ते. रेल के धक्के में उसकी गर्दन मोडेगी. यहाँ रहने दे." मग ट्रंकेचं झाकण दाबत म्हणाली, "इसकू फूलां आये तो मैं आतूं. देखने कू."

"फूल आल्या दिवशी निरोप धाडते."

"नक्को. तेरा निरोप नक्को. तू मेंढी का हाथी करने वाली. तेरी जबान पे तो रोज फूलां आते. मेरे आँखों कू दिखा, तब मानूंगी."

"वा गं वा. तू आल्याशिवाय दिसणार कसं, आणि दिसल्याशिवाय तू येणार नाहीस."

"वो तू सोच," ती म्हणाली आणि ट्रंकेवर बसून हसली. मग हसणं थांबवून एक सांगितलं. "थंडी में इसकू भूल जाना. पानी नक्को, कुछ नक्को. बिल्कुल भूल जाना. अब्बा ऐसाच करते थे."

मी मान हलवली. पण मनात म्हटलं, ही चेष्टा करते. पाहुण्याला चार महिने उपाशी ठेवायचं, ही कुठली माळ्याची रीत?

ती गेली आणि मी त्या गोळ्याच्या मागं लागले. तुळशीला पाणी घालताना त्याला एक पळी. तांदूळ धुतले की त्याला एक पळी. शेणकाल्याचं पाणी, ताकाचं पाणी, एकदा तर संक्रांतीला गुळाचं. थंडी पडली की मला वाटायचं, एवढंसं ते, हैदराबादच्या बागेत वाढलेलं, त्याला इथं कोण आहे? मग जरा जास्तच. तो असा फुगला, असा फुगला, की लिंबाची मोसंबी झाली, मोसंबीचं बेलफळ झालं. लोकांना मी भोपळा सांगायचे. डब्याच्या कडेला त्याला एक पिल्लूसुद्धा फुटलं. पण फूल नाही. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी नाही. होळी झाली की मी रोज दुपारी त्याच्यापुढं बसून डोक्यावरचा कापूस बघायचे. कापूसच असायचा.

सुरुवातीला लाइनवरून खबर यायची. कुणी ड्रायव्हर सांगायचा, तुमची भाबी बरी आहे, तिकडं नळ आहे म्हणे घरात. कुणी सांगायचा, तिला मुलगी झाली. मग खबर कमी झाली. मग कुणी नवाच फायरमन म्हणायचा, "कोण भाबी?" शेजारच्या खोलीत एक मालबाबू राहायला आला. एकटा माणूस, देवभोळा, शिंकसुद्धा दार बंद करून शिंकणारा. मी पहिल्या सकाळी सवयीनं भिंतीवर तांब्या ठोकला, तर बिचारा काठी घेऊन बाहेर आला. घूस आहे समजून.

अशातच मला दिवस गेले, आणि दिवाळी झाली तशी मी बाळंतपणाला माहेरी गेले. घर बघायला आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मेंढरांमागं अर्धा जन्म काढलेली बाई. आवाज असा की यार्डात हाक मारली तर इंजिनं थांबायची. त्यांना मी जाताना सगळं सांगितलं. दूध, दळण, ह्यांचा डबा. आणि शेवटी, "आत्याबाई, ह्या गोळ्याला रोज एक पळी."

"हे काय हाय?"

"भाबीचं झाड आहे. फूल येतं त्याला."

"काट्याचं झाड घरात अन् भांडणं दारात," आत्याबाई म्हणाल्या. "बरं जा तू. मी बघती."

परत आले ती होळीच्या तोंडावर, कडेवर पोर घेऊन. दारात भाकरतुकडा ओवाळायला आत्याबाई उभ्या. मी मान वर केली आणि ओवाळून घ्यायचंच विसरले. चौकटीला, बरोबर मधे, काळ्या दोऱ्यानं बांधलेला, बिब्बा आणि मिरच्यांच्या सोबतीला, डोकं खाली मुळं वर, माझा गोळा लटकत होता.

आमच्याकडं दृष्ट लागू नये म्हणून दारावर कोरफड उलटी टांगतात. आत्याबाईंना यार्डात कोरफड मिळाली नाही. मी गेल्याच्या आठवड्यातच ह्यांचा पाय रुळात अडकता अडकता वाचला होता, म्हणून त्यांना घाई होती. काटेरी एवढं एकच काय ते घरात दिसलं. त्यांनी फडक्यानं धरून उपटलं, माती झटकली आणि टांगलं. सबंध हिवाळा.

त्याचं काय झालं होतं म्हणून सांगू. बेलफळाची सुपारी झाली होती. आक्रसलेला, मातकट, कुशीला सुरकुत्या. मुळं वाळून दोरा झालेली. मी चौकटीखालीच बसले आणि पोरापेक्षा मोठ्यानं रडले.

"आत्याबाई, मारलंत ना ते."

"मेलं न्हाई. कोरफड बी अशीच लटकती. ती कधी मरती का?"

"ही कोरफड नाही हो."

"मग काय हाय? लेकाचा पाय पुन्हा न्हाई अडकला न्हवं? तुझं बाळंतपण सुखरूप झालं न्हवं? फुकट न्हाई लटकत ते, राखण करायलाय."

मी पोराला पाजलं, भात टाकला आणि दुपारी ह्यांना म्हटलं, स्टूल धरा, मी ते काढते. स्टुलावर चढून त्याच्या तोंडाशी तोंड नेलं, आणि हात मागं घेतला. त्याच्या डोक्याच्या, म्हणजे आता खाली आलेल्या डोक्याच्या, कापसातून मसुरीच्या डाळीएवढे लाल ठिपके बाहेर आले होते. गोल रांगेत. एक बांगडी पुरी व्हायला जेवढे लागतील तेवढे.

बिल्कुल भूल जाना, ती म्हणाली होती. मी तर जन्मात विसरले नसते. आत्याबाईंनी माझ्या वतीनं ते काम केलं होतं, आणि त्यांना त्याची खबरही नव्हती.

पण आता ते उतरवायचं कसं? आत्याबाईंनी चौकटीला पाठ लावली. राखण उतरवायची नाही. शेवटी तोड निघाली. कडेचं पिल्लू तसंच चिकटलेलं होतं. ते मी अलगद सोडवून काळ्या दोऱ्यासकट आत्याबाईंच्या हवाली केलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "लहान हाय," म्हणाल्या, "पण काटे हायेत." आणि चौकटीला बांधून टाकलं.

मोठा गोळा मी पुन्हा त्याच डब्यात कोरड्या वाळूवर बसवला. पाण्याचा थेंब दिला नाही. हात शिवशिवायचे, मी ते पदरात बांधून ठेवायचे. आणि शिमगा झाल्यावर एका दुपारी, ऊन चढत असताना, फुलं उमलली. आम्ही दोघींनी ठरवून ठेवली होती तशी नव्हती. ती आमच्या बोलण्यापेक्षा लहान होती, आणि रंग आमच्या बोलण्यापेक्षा गडद. पांढऱ्या डोक्याभोवती गुलाबी कडं. मी आयुष्यात एवढ्या गोष्टी फुगवून सांगितल्या, पण त्या कड्याला आणखी काही जोडावं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. संध्याकाळी ती मिटली, दुसऱ्या दुपारी परत उघडली.

आता निरोप धाडून उपयोग नव्हता. माझा निरोप ती मानणार नव्हती. तिच्या डोळ्यांना दाखवायचं तर गोळाच जायला हवा होता.

सिकंदराबादकडं जाणाऱ्या पॅसेंजरवर एक म्हातारे गार्ड होते. पेन्शनीला टेकलेले, सज्जन माणूस. मी डबा घेऊन त्यांच्या डब्यापाशी गेले.

"वहिनी, हे खरं फूल आहे, का चिकटवलंय?"

"ओढून बघा. बोट टोचलं तर माझं नाव सांगू नका."

मी त्यांना सगळं समजावलं. यार्डाजवळची फायरमनांची चाळ, चिंचेच्या बाजूची खोली, जुन्या एका ड्रायव्हरनं सांगितलेला पत्ता. दुपारीच द्या, दुपारी फूल उघडं असतं. उन्हात धरा. काही बोलू नका, नुसतं तिच्यापुढं धरा. ती मग पुढच्या गाडीनं येईल.

"आणि नाही आली तर?"

"येईल. तिनं कबूल केलंय."

गाडी सुटली. शिट्टी झाली आणि ते दाराशी उभे राहून एका हातानं हिरवा बावटा हलवत होते, दुसऱ्या हातात माझा डबा. गाडी दिसेनाशी होईपर्यंत डब्याचा पत्रा चकाकत होता. त्यानंतर तिकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला मी पोर घेऊन फलाटावर उभी. आत्याबाई म्हणायच्या, "नवरा गाड्या वळवितो अन् बायको मोजिती."

तिकडून एका सकाळच्या गाडीला ते गार्ड उतरले. एकटे. हातात डबा. मला बघून लांबूनच हसले.

"दिला, वहिनी. हातात दिला. लय खूश झाल्या. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, फारच सुंदर आहे."

"आणि येणार कधी?"

"येतो म्हणाल्या. मुलीची तब्येत जरा… सवडीनं येतो म्हणाल्या. झाड ठेवून घेतलं त्यांनी. हा तुमचा डबा."

मी डबा घेतला. धुतलेला होता, वाळूचा कणही नव्हता. आत हात घालून तळापर्यंत फिरवला. रिकामा.

तेव्हा मला कळलं. जिनं कोळसा भरून वाटी परत केली, ती माझा डबा रिकामा धाडणार नाही. काही नसतं तर मिठाचा खडा घातला असता, चिंचेचा पाला घातला असता. आणि माझी भाबी 'फारच सुंदर' म्हणणार? ती म्हणाली असती, "इत्ताच? तू तो बोली थी हार है." ती त्यांना भेटलीच नव्हती. चिंचेच्या बाजूच्या खोलीत आता दुसरं कुणी असेल, किंवा कुलूप असेल, आणि हा भला माणूस उन्हात डबा धरून विचारत हिंडला असेल. शेवटी गोळा कुणाच्या तरी उंबऱ्यावर ठेवला असेल. आणि परतताना सगळ्या वाटेनं, एकेका स्टेशनाला, मला काय सांगायचं ते जुळवलं असेल. डबासुद्धा धुतला होता बिचाऱ्यानं.

नवखा होता तो थापांच्या कामात. मी एवढी मुरलेली, पण त्याला पकडावंसं मला वाटलं नाही. घरी नेलं, चहा टाकला आणि म्हटलं, "पुन्हा सांगा ना. हसली का?"

"हसल्या ना," ते म्हणाले. "खूप हसल्या."

"ट्रंकेवर बसून?"

त्यांनी कपावरून माझ्याकडं पाहिलं. "हो," म्हणाले, "ट्रंकेवर बसून."

आत्याबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. गार्ड गेल्यावर त्यांनी डबा उचलला, आत बघितलं आणि न विचारता फळीवर ठेवला.

चौकटीवरच्या पिल्लाला पुढं मुळं फुटली. त्याची पिल्लं, त्यांची पिल्लं, आज माझ्या कठड्यावर इतकी आहेत की पूर्णेपासून सिकंदराबादपर्यंत प्रत्येक खिडकीत एक ठेवली तरी उरतील, असं मी सांगते. थोडी कमी भरतील. हिवाळ्यात मी त्यांना पाणी देत नाही. विसरता येत नाही, पण पाणी देत नाही. होळीनंतर सगळ्यांच्या डोक्यावर कडं येतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मी एकेक पिल्लू देते; नारळाच्या करवंटीत, फुटक्या कपात, पाववाल्याच्या कागदात.

त्या डब्यात मात्र मी कधी काही लावलं नाही. सुना म्हणतात, चांगला डबा आहे, तळाला भोकं आहेत, वाया का घालवता. मी त्यांना सांगते, राहू दे. मी भरून धाडला होता. आता पाळी तिची आहे.